जो कळवणार नाही, त्याला घरच्या टीम

बफेलो शहराला चिकटून असलेल्या लॅकावानात चेस्टर व्रोबेलला कुणी लेखक म्हटलं असतं, तर त्याने त्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं असतं. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवून, कारखाना बंद पडल्यावर पावाची गाडी चालवून म्हातारा झालेला माणूस तो. पण सप्टेंबर ते डिसेंबर, दर आठवड्याला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो एक कागद लिहायचा आणि नात्यातली सात घरं त्या कागदाची वाट बघायची. येत्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलच्या जेवढ्या मॅच, तेवढे परिच्छेद. कोण कुणाच्या घरी खेळायला चाललंय, कोण जिंकणार आणि कोण नाक कापून घेऊन परतणार, हे सगळं दोन-दोन ओळींत. वाचनालयात जाऊन तो सात प्रती काढायचा आणि टपालात टाकायचा. मग सातही घरं आपापले अंदाज फोनवर कळवायची. हंगाम संपताना ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त बरोबर, त्याला खसखस भरलेल्या गोड पावाचा एक रोल मिळायचा. त्या रोलसाठी सख्खे साडू वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत, असंही घडलेलं आहे.

हा सगळा खेळ त्याच्या बायकोने, लॉटीने सुरू केला होता. मुलगा गेरार्ड आरमारात गेला तेव्हा त्याची पत्रं यायची बंद झाली. पण फुटबॉलचे अंदाज विचारले की पठ्ठ्या न चुकता कळवायचा. नियमही लॉटीचाच: पहिली मॅच सुरू होईपर्यंत ज्याने कळवलं नाही, त्याच्या नावावर सगळ्या घरच्या टीम लिहायच्या. जी टीम आपल्या मैदानावर खेळतेय, ती त्याची. "कुणी राहून जायला नको," ती म्हणायची. "बिचारा कुठे अडकला असेल, म्हणून काय खेळातून काढायचं?"

लॉटीला जाऊन पाच वर्षं झाली होती. आणि बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, त्यालाही पाचच.

झालं होतं ते एवढंच. आई शेवटच्या दुखण्यात पडली म्हणून गेरार्ड अॅरिझोनाहून आला आणि आठवडाभर तिच्या उशाशी बसून राहिला. रविवारी तीच त्याला म्हणाली, "ऊठ, जा मॅचला. चेहरा बघ कसा झालाय तुझा. परत आलास की मला सगळी सांग." तो गेला. तिसरा डाव चालू असताना लॉटीने डोळे मिटले. दफनानंतरच्या जेवणात, सगळ्यांच्या देखत, चेस्टर बोलून गेला, "तुझी आई मरत होती तेव्हा तू स्टेडियममध्ये बसून ओरडत होतास." आईनेच त्याला पाठवलं होतं, हे चेस्टरला ठाऊक होतं. शेजारच्याच खोलीत होता तो, कानांनी ऐकलं होतं त्याने. पण दुःखात माणसाला कुणाला तरी चावावंसं वाटतं, आणि परक्याला चावायची सोय नसते. गेरार्डने ताट तसंच ठेवलं, कोट घेतला आणि विमान गाठलं.

चूक आपली आहे हे चेस्टरला आठवड्याभरात कळलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

तरी कागद चालू राहिला. अॅरिझोनाला प्रत जायची आणि दर शनिवारी अॅरिझोनाहून फोन यायचा. चेस्टर उचलायचा नाही. फोनला मशीन जोडलेलं होतं, ते निरोप टिपून घ्यायचं. गेरार्ड नमस्कार-चमत्कार न करता एकामागून एक शहरांची नावं वाचायचा, हजेरी घ्यावी तशी. शेवटच्या नावानंतर मात्र तो लगेच फोन ठेवायचा नाही. चार-पाच श्वास नुसता थांबायचा. चेस्टर त्या वेळी मशीनशेजारच्याच खुर्चीत बसलेला असायचा. हात गुडघ्यांवर. मग पलीकडे खट् व्हायचं, आणि चेस्टर पेन्सिल उचलून लेकाचे अंदाज उतरवून घ्यायचा.

बाकी सगळं भांडण एका बाजूला, आणि बफेलो एका बाजूला. आपली टीम कितीही रडकी असो, समोर कुणीही असो, दोघेही दर आठवड्याला बफेलोच लिहायचे. गेल्या वीस वर्षांत या एका हट्टापायी दोघांनी कितीतरी रोल घालवले होते. बाप तसा लेक, दुसरं काय.

त्या वर्षी हंगामाचा शेवटचा आठवडा नाताळला चिकटून आला होता. सुट्ट्यांत टपाल रखडतं, म्हणून चेस्टरने कागद चार दिवस आधीच लिहायला घेतला. शेवटच्या आठवड्याला बाप आणि लेक अगदी बरोबरीत होते, आणि बाकीचे सगळे मागे. तो वर लिहिता झाला:

'सूचना. या आठवड्यात पहिली मॅच रविवारी नसून शनिवारी आहे. शनिवारी दुपारपर्यंत अंदाज यावेत. नंतर रडारड चालणार नाही.

बफेलो, न्यू इंग्लंडच्या घरी. सप्टेंबरात आपण त्यांना एकतीस-शून्य असं धुतलं होतं. त्यानंतर ते हरायचं जवळजवळ विसरलेच आणि आपण जिंकायचं. आता ते हिशेब चुकता करणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरीही बफेलो. का, ते कुणी विचारू नये.'

असं करत करत तो पंधराव्या मॅचपर्यंत आला. मिनेसोटा, अॅरिझोनाच्या घरी. तिथे त्याचं पेन जरा थांबलं. मग त्याने लिहिलं, 'अॅरिझोनाच्या लोकांना थंडी माहीत नाही, म्हणून एकमेकांना चिकटून बसायची सवय नाही. अशांच्या टीमचं काय होणार? मिनेसोटा.'

सात लिफाफे झाले. अॅरिझोनाच्या लिफाफ्यात त्याने आणखी एक गोष्ट सरकवली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमधून आणलेली कागदासारखी पातळ पांढरी पोळी घरातले सगळे मिळून मोडतात. एकाने धरायची, दुसऱ्याने तुकडा तोडायचा, आणि वर्षभरातलं जे काही मनात असेल ते तिथेच सोडून द्यायचं. लॉटी असताना ती गेरार्डला टपालाने पोळी पाठवायची. ती गेल्यापासून कुणी पाठवली नव्हती. चेस्टरने सोबत चिठ्ठी लिहिली नाही. लिहिणार काय? बत्तीस मॅचबद्दल लिही म्हटलं असतं तर लिहिलं असतं.

"बाबा, पोळ्या पाच आणल्या होत्या ना मी?" संध्याकाळी त्याची मुलगी रेनाटा आली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दिवसाआड बापाचा फ्रीज तपासायची. "इथे चारच आहेत."

"उंदराने नेली असेल."

"हं. आणि टपालाच्या तिकिटांची पट्टीही उंदरानेच चाटून चिकटवली वाटतं."

चेस्टर खिडकीबाहेर बर्फ बघत राहिला. रेनाटाने मागून येऊन त्याच्या टकलावर ओठ टेकले. "फार उशिरा शहाणे झालात," ती म्हणाली, "पण झालात."

तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. एरवी तो शनिवारीच मशीनकडे बघायचा. आता बुधवारपासून बघू लागला. बुधवारी बीटचं सार झालं, मासा झाला, टेबलावर रिवाजाप्रमाणे अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं मांडलं, आणि रेनाटाने आणि त्याने पोळी मोडली. गुरुवारी नाताळ. बहिणींचे, मेव्हण्यांचे, भाच्यांचे फोन आले, अंदाजही आले. अॅरिझोनाहून काही नाही. शुक्रवारी त्याने मशीनची तार दोनदा काढून बसवून पाहिली.

शनिवारी सकाळी रेनाटा म्हणाली, "तुम्हीच लावा फोन."

"त्याला नंबर पाठ आहे माझा."

"बाबा, पाकीट उशिरा पोचलं असेल. आजारी असेल. शनिवारची मॅच आहे हे ध्यानात नसेल."

"ठळक लिहिलंय मी. खाली रेघ ओढलीय."

"मग मी लावते."

"खबरदार!" चेस्टरने टेबलावर हात आपटला तशी मीठदाणी आडवी झाली. "पोळी मी पाठवली. आता त्याची पाळी आहे. तू मध्ये पडलीस तर ते तुझं होईल, त्याचं होणार नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. रेनाटाने मीठ पुसलं.

पहिली मॅच सुरू होण्याआधी पाच मिनिटं चेस्टरने चष्मा लावला आणि हंगामाचा मोठा तक्ता पुढ्यात ओढला. नियम म्हणजे नियम. गेरार्डच्या रकान्यात तो घरच्या टीम उतरवू लागला. आणि पहिल्याच ओळीवर त्याचा हात अडला. बफेलो न्यू इंग्लंडच्या घरी खेळत होती. म्हणजे गेरार्डच्या नावापुढे, जन्मात पहिल्यांदा, न्यू इंग्लंड लिहावं लागणार होतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात तो विचार आला. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता. तो यायला व्रोबेलांच्याच घरात जन्म घ्यावा लागतो. गेरार्डला नियम माहीत होता. आईचा नियम, त्याच्यासाठीच केलेला. बफेलो परक्याच्या घरी आहे, हेही त्याने वाचलं होतं. गप्प बसलं की आपल्या नावावर काय लिहिलं जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हे गप्प बसणं नव्हतंच. हे उत्तर होतं. बापाने पोळी पाठवली, आणि लेकाने बफेलो सोडली.

"वा रे पठ्ठ्या," चेस्टर पुटपुटला. "चांगलं सुनावलंस."

"काय झालं?" रेनाटाने विचारलं.

"काही नाही. तुझ्या भावाने न्यू इंग्लंड लिहिलंय."

"त्याने कुठे लिहिलंय? तुम्ही लिहिलंय!"

चेस्टरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. मॅच लागली, आणि बफेलोने मार खाल्ला, एकतीस-शून्य. सप्टेंबरातला आकडा जसाच्या तसा, व्याजाशिवाय परत. एरवी अशी मॅच संपली की चेस्टर टीव्हीला शिव्या घालायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, तिकडे तोही घालत असेल. त्या दिवशी त्याने टीव्ही बंद केला आणि जाऊन पडला. त्याला फार लागलं होतं. सत्तरी उलटलेल्या माणसाला रडू आलं तर तोंड कुठे लपवावं हेही कळत नाही, तसा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रविवारी मात्र चमत्कारच झाला. घरच्या टीम जिंकत सुटल्या. मायामी जिंकली, टेनेसी जिंकली, कॅन्सस सिटी जिंकली. जिच्यावर कुणी दमडीचाही भरवसा ठेवला नसता ती डेट्रॉइटही जिंकली. चेस्टर तक्त्यावर खुणा करत होता आणि गेरार्डचा रकाना भरत चालला होता. दुपार कलली तसा त्याचा राग पातळ होत गेला. राग टिकवायला ताकद लागते, आणि लेक जिंकताना बघून ती कुठल्या बापात उरते? बीटचं उरलेलं सार घेऊन रेनाटा आली तेव्हा तो खुर्चीच्या कडेला बसून अॅरिझोनाची मॅच बघत होता. मिनेसोटा पुढे होती. घड्याळात शेवटचे क्षण उरले होते. अॅरिझोनाच्या पोराने चेंडू लांब फेकला, दुसऱ्याने रेषेच्या कडेला तो झेलला, आणि वेळ संपता संपता अॅरिझोना जिंकली. तिकडचं अख्खं मैदान वेडं झालं.

"पंधरापैकी दहा!" चेस्टर ओरडला. "एकही अंदाज न सांगता दहा! माझे आठ. एकच मॅच उरलीय, रेनाटा, मी त्याला गाठूच शकत नाही. रोल गेला अॅरिझोनाला!"

"भाजून ठेवलाय मी," रेनाटा हसत म्हणाली. "पत्ता तेवढा तुम्ही घाला."

आणि फोन वाजला. फोनच्या छोट्या पडद्यावर अॅरिझोनाचा नंबर होता.

चेस्टर उभा राहिला. उगाचच शर्टाची कॉलर सारखी केली. रेनाटा फोनकडे धावली तशी त्याने तिचा हात धरला. "वाजू दे," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर लॉटी गेल्यापासून न दिसलेलं काहीतरी होतं. "मशीनवर बोलू दे त्याला. आज त्याचा दिवस आहे. मिरवू दे."

मशीन सुरू झालं. पण आवाज बाईचा होता.

"मिस्टर व्रोबेल... मी मार्सेला. मी गेरार्डबरोबर कामाला आहे, एसी दुरुस्तीच्या दुकानात. तुम्ही घरी असाल तर कृपा करून फोन उचला. असं मशीनवर सांगण्यासारखं नाहीये हो."

पाच वर्षांत पहिल्यांदा चेस्टरने मशीन चालू असताना फोन उचलला.

तिने फार आडवळण घेतलं नाही. नाताळच्या संध्याकाळी गेरार्डच्या छातीत कळ आली, तिनेच त्याला दवाखान्यात नेलं. शुक्रवारी बरा होता, बोलत होता. शनिवारी दुपारपर्यंतही बोलत होता. रात्रीत बिघडलं. आज सकाळी अकरा वाजता तो गेला.

रेनाटा फोनला कान लावून उभी होती. तिने तोंडावर हात दाबला. चेस्टरच्या कानात एकच वाक्य राहिलं. शनिवारी दुपारपर्यंत बोलत होता. आणि त्याच दुपारी बाप इथे पेन्सिलीचं टोक मोडत बसला होता.

"माझं चुकलं, मिस्टर व्रोबेल," मार्सेला सांगत होती, आणि आता ती रडत होती. "शुक्रवारी त्याने मला तुमचा नंबर दिला. खिशात तुमचा कागद होता, त्यावर नावांभोवती गोल केलेले होते. म्हणाला, फोन कर आणि फक्त ही नावं वाच. दवाखान्याचं काही सांगायचं नाही, सणासुदीचं म्हाताऱ्याला घाबरवायचं नाही. आता तुम्हीच सांगा, एका बापाला फोन करून त्याचा मुलगा दवाखान्यात आहे हे लपवायचं, आणि गावांची नावं वाचायची? माझी जीभच रेटेना. म्हटलं, बरा झाला की स्वतःच करेल. शनिवारी त्याने विचारलं, वाचलीस का? मी हो म्हणाले. खोटं बोलले मी."

"मग काय म्हणाला?" चेस्टरने विचारलं.

"निवांत झाला. म्हणाला, मग ठीक आहे."

चेस्टर खुर्चीत बसला. तक्ता जवळ ओढला. "कागद आहे तुमच्याजवळ?"

"आहे. त्याच पाकिटात ती पांढरी पोळीही आहे, अख्खी. मी म्हटलं, खा की. तर म्हणाला, एकट्याने मोडायची नसते."

"वाचा," चेस्टर म्हणाला. "आता वाचा."

"पहिलं... बफेलो. दोनदा गोल केलाय. तुम्ही लिहिलंय ना, का ते कुणी विचारू नये? त्याच्यापुढे त्याने लिहिलंय, 'मी कुठे विचारलं?'"

चेस्टरने खोडरबर उचललं आणि न्यू इंग्लंड खोडायला लागला. रेनाटाने त्याचं मनगट धरलं. "बाबा, राहू द्या. आहे ते राहू द्या ना. जिंकतोय तो."

"बफेलो सांगितलंय त्याने," चेस्टर म्हणाला. "माझ्या पोराने बफेलो सांगितलंय. मी त्याला न्यू इंग्लंड म्हटलं." त्याने हात सोडवून घेतला. कागद फाटेस्तोवर खोडलं, तिथे बफेलो लिहिलं, आणि पुढे चुकल्याची फुली मारली.

मार्सेला वाचत गेली, तो लिहीत गेला. डेट्रॉइट गेली. आणखीही काही गेल्या. दहाचे सात झाले. पंधराव्या नावाशी ती अडखळली. "अॅरिझोना. इथेही लिहिलंय काहीतरी. 'इथेही थंडी पडते. येऊन बघा.'"

चेस्टरने अॅरिझोना लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली. ती खूण फार वाकडी आली.

"आणि शेवटचं, बाल्टिमोर."

ती मॅच अजून व्हायची होती. सोळांतला तो एकच अंदाज वेळेत पोचला.

मग पलीकडे कुणी बोललं नाही. फोनमध्ये नुसते श्वास ऐकू येत होते, एक, दोन, तीन. चेस्टरला ती शांतता चांगली ओळखीची होती. दर शनिवारी तो तिच्यासमोर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. आता त्याने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी आहे रे," तो म्हणाला. "इथेच आहे मी. दर वेळी इथेच बसलेलो असायचो."

"ठाऊक होतं त्याला," मार्सेला हळूच म्हणाली. "तो सांगायचा मला. 'म्हातारा मशीनजवळच बसलेला असतो, म्हणून मी जरा थांबतो.'"